‘सुमित्रा’ नावाची फाईल

१७ फेब्रुवारी, शनिवार
निर्णय पक्का. उद्या दिघ्याला जाऊन बाबांना कॉम्प्युटर बसवून देणार. माझाच जुना, पण कंडिशन उत्तम. (शर्मिलाच्या मते भंगारवाल्याने घेतला नाही म्हणून. बायकोला टेक्निकल गोष्टी कळत नाहीत.) जूनमध्ये आईला जाऊन दोन वर्षं होतील. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात बाबांना आईवर एक छोटी पुस्तिका वाटायची आहे. स्वतः लिहिणार. वय शहात्तर, शिक्षण सातवी, जन्मभर नोकरी एमआयडीसीत प्रेस मशीनवर. म्हणाले, “हातानं लिवलेलं आता कोन वाचतंय?” मुद्दा बरोबर. ऑफिसात अडकलेले प्रिंटर मीच सोडवतो, तेव्हा शिकवायला माझ्याइतका योग्य माणूस नाही. ट्रेनिंग शेड्यूल तयार केलं. आठ रविवार, आठ धडे. लॅमिनेट करून घेतलं.

१८ फेब्रुवारी, रविवार
सीवूड्स ते दिघा रिक्षा, मांडीवर मॉनिटर. आईचं शिलाई मशीन कोपऱ्यात सरकवून तिथे टेबल लावलं. बाबा म्हणाले, तिथेच कशाला? कारण प्लग तिथेच होता.
धडा पहिला : हार्डवेअर, सॉफ्टवेअर, फोल्डर, अँटिव्हायरस. बाबा शांतपणे ऐकत होते. तासाभराने त्यांनी विचारलं, “यात ‘सु’ कुठाय?” सांगितलं, मराठी टायपिंग सहाव्या धड्यात. त्यांनी मान डोलावली आणि चहा ठेवायला गेले. पहिला दिवस यशस्वी.

३ मार्च, रविवार
गेल्या रविवारी जमलं नाही (पाठ). आजही नाही (सोसायटीची मीटिंग). दुसरा धडा फोनवरून घेतला. राइट क्लिकवर वीस मिनिटं गेली. बाबांनी राइट म्हणजे आपला राइट की कॉम्प्युटरचा राइट, असं विचारलं. मी अजिबात आवाज चढवला नाही. मीटिंगहून परतताना खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “वडिलांवर असं ओरडू नये.” लोकांना दुसऱ्यांच्या घरात कान लावायची सवयच आहे.

२४ मार्च, रविवार
अखेर गेलो. धक्का बसला. शेजारच्या अक्षताने, कुरिअरच्या ऑफिसात काम करते ती, माझ्या कीबोर्डच्या प्रत्येक बटणावर डॉक्टर टेपचा तुकडा चिकटवून त्यावर पेनाने मराठी अक्षरं लिहिली आहेत. कोणाला विचारून? ती रोज कामावरून आली की अर्धा तास बाबांसोबत बसते. बाबा एका बोटाने टाइप करतात. सात पानं झाली. फाईलला आईचंच नाव, ‘सुमित्रा’.
“लई शांत पोरगी हाय,” हे बाबा माझ्यासमोर तीनदा म्हणाले. पाया कोणी घातला, ते कोणी बोलत नाही.
वाचून बघ म्हणाले. सांगितलं, चष्मा घरी राहिला. (खिशात होता. पण घाईघाईत वाचणं हा लिहिणाऱ्याचा अपमान असतो.) शेड्यूल भिंतीवर दिसलं नाही. डब्याखाली होतं.

१४ एप्रिल, रविवार
जयंती. बाबा सकाळपासून विहारात. मी दिघ्याला त्यांच्या घरी थांबून त्यांना सरप्राइज द्यायचं ठरवलं. मशीन फार स्लो झालं होतं. फॉरमॅट मारला, नवीन विंडोज टाकली. आता विमान झालंय.

सायं. ६.४०
बाबांची फाईल दिसत नाही.

७.१५
अक्षता म्हणते, फाईल डेस्कटॉपवर होती. महत्त्वाच्या फायली डी ड्राइव्हला ठेवायच्या, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सांगितलं असणारच.

७.५०
बावीस पानं झाली होती म्हणे.

रात्री, सीवूड्सला परतल्यावर
मिरवणुकीहून बाबा आले, कपाळाला गुलाल. मी सांगितलं, व्हायरस आला होता. असं होऊ शकतं. तेव्हा हे अगदीच खोटं नाही. अक्षता माझ्याकडे बघत होती. बाबांनी विचारलं, “समदं?” मी हो म्हणालो. ते उठून कोपऱ्यातल्या शिलाई मशीनचं कव्हर उगीच सारखं करत राहिले. मला ते बघवेना. धीर द्यायला म्हणून बोललो, “बाबा, मी सगळं वाचलं होतं. आज सकाळी तुम्ही विहारात गेलात ना, तेव्हा. फार मस्त लिहिलं होतंत.”
त्यांचा चेहरा उजळला. “वाचलंस? मंग गेलं नाय ते.”
अशा वेळी माणसाला काय बोलावं ते सुचावं लागतं. मला सुचतं.

२१ एप्रिल, रविवार
बाबांनी सगळ्या वस्तीत सांगितलंय की व्हायरस आला होता आणि ‘आमच्या प्रितमनं’ मशीन वाचवलं. विहाराचे अध्यक्ष हौसेराव यांचा फोन : त्यांच्या सुनेचा लॅपटॉप बघाल का? बघतो म्हणालो. बरं वाटलं. जेवताना बरं वाटेनासं झालं. वांग्यामुळे असेल.

५ मे, रविवार
बाबांचा फोन. परत लिहायला बसतात, पण मनासारखं उतरत नाही. “तुझी आई सही करायला शिकली, तो भाग मी कसा लिवला होता? जरा आठवून सांग. तसा परत जमत नाय.”
सांगितलं, मीटिंगमध्ये आहे. आज रविवार आहे हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं. बाबांच्या नसेल आलं.

१९ मे, रविवार
तिसरा फोन. नेटवर्क नाही म्हणालो.
नवा निश्चय : आईबद्दल मीच दोन पानं लिहून काढायची आणि तुमचंच आहे म्हणून द्यायची. मुलाइतकं आईला कोण ओळखणार? दुपारी बसलो. ‘आईचा जन्म’ एवढं लिहिलं. गाव गुहागरच्या बाजूचं. नाव आठवेना. सही ती कधी शिकली? मी तेव्हा जन्मलो होतो का? शर्मिलाला माहीत असेल, दोघी तासन्तास बोलायच्या. पण तिला विचारायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. चार वाजता मॅच होती.

९ जून, रविवार
विहारात साठ-सत्तर माणसं. वंदना झाली. आईच्या फोटोला फुलं वाहिली. पुस्तिका नव्हती. अक्षताने एका पानावर आईचं नाव आणि तारखा छापून आणल्या होत्या, तेच वाटलं.
मग बाबांनी माइक घेतला. म्हणाले, “मी बावीस पानं लिवली होती. ती व्हायरसनं खाल्ली. पन माझ्या प्रितमनं समदी वाचली होती. फोनवर सांगायला त्याला येळ मिळत नाय, मोठ्या कामावर हाय. आज आलाय. तो सांगल, मी उतरवून घेतो.”
टाळ्या वाजल्या. हौसेरावांनी माइक माझ्या हातात दिला. माइक अगदीच हलक्या प्रतीचा होता, खरखरत होता. मी दोनदा चेक केला. तिसऱ्यांदाही केला. शर्मिला खाली सतरंजीकडे बघत होती. बाबा पहिल्या रांगेत, मांडीवर वही उघडून, पेनाचं टोपण काढून बसले होते.
मी म्हणालो, “आई खूप कष्टाळू होती.”
बाबांनी तेवढं लिहून घेतलं आणि परत माझ्याकडे बघितलं.