सात किलोची पिशवी

२ फेब्रु. ९२, रविवार
नात पुण्याहून आली. रंजू. नाक उन्हाने सोललेलं. बिनइंजिनच्या विमानात बारा वेळा बसली म्हणे. ते बारा वेळा सांगितलं. मी जीन्सचे खिसे शिवत होते, मशीन थांबवली नाही.
इंजिन नाही तर वर जातं कसं? मैदानाच्या त्या टोकाला एक यंत्र असतं, ते तार गुंडाळतं. तारेने विमान ओढलं जातं, पतंगासारखं. उंच गेलं की मूठ खेचायची, तार गळून पडते. मग? मग काही नाही आजी, मग आपण आणि हवा.
वा. आपण आणि हवा.
बापाने, माझ्या बाबूने, कॉलेजात जाऊन सही केली. मला विचारलं नाही. विचारून तरी काय, या घरात माझं ऐकते ती मशीन.

४ फेब्रु.
जेवताना विचारलं, खाली कशी येतेस. म्हणे, ते सारखं खालीच येत असतं, हळूहळू. वर राहायचं तर तापलेली हवा शोधायची. घारी पंख न हलवता गोल फिरतात ना, तिथे जायचं. तिथली हवा वर उचलते. साठ वर्षं घारी बघतेय, मला वाटायचं उंदीर शोधतात.
चाक एकच. थांबलं की विमान एका अंगावर कलंडतं. निघताना कुणीतरी पंखाचं टोक धरून पळतं. हे असं सगळं.
मास्तर मागे बसतात, त्यांच्या हातातही दांडा असतो. मास्तर आहेत तोवर मी बोलणार नाही.

९ फेब्रु., रवि.
बोलायची वेळ आली. आता एकटीला सोडणार.
पण रंजू अठ्ठेचाळीस किलो. एकटं उडायचं तर पुढच्या जागेवर पंचावन्न लागतात. मास्तर उतरले नि पुढे वजन कमी पडलं की नाक वर जातं, विमान ऐकत नाही. हे मला शिकवायला नको. हातगाडीवर गठ्ठे मागे टाकले की दांडे वर उठतात नि ओढणारा लोंबकळतो. त्याला जमीन निदान जवळ असते.
म्हटलं, बरं झालं. सात किलो वाढायला तुला दोन वर्षं लागतील.
हसली. म्हणे, वाळूची पिशवी सीटला बांधतात. पण तिथल्या उसवल्यात, वाळू गळते. सरांना मी सांगून आले, माझी आजी जीन्स शिवते, तिची शिवण फाटत नाही.
घ्या. माझ्याच हाताने.

१० फेब्रु.
शिवणार नाही म्हटलं. बाबू कारखान्यातून आला, डबा ठेवला, म्हणाला, "आई, तू नाही शिवलीस तर ती उसवलेली घेऊन बसेल." माझा मुलगा तसा मुका, पण बोलला की बरोबर दुखऱ्या जागी.
शेजारची ईश्वरी म्हणे, "दादी, नींबू-मिर्ची बांध दो ना हवाई जहाज को." म्हटलं, आमच्यात ते छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच सोडलं. "तो अब क्या करोगी?"
काय करोगी. शिवीन.

१२ फेब्रु.
जीन्सचा जाड तुकडा मागून आणला. आधी उकळत्या पाण्यात धुतला. न धुता शिवणारे मागून रडतात, कपडा आटतो. आमच्या कॅम्प पाचातल्या बायकांना वीस वर्षं हेच ओरडून सांगतेय.
वाळूसुद्धा धुतली. बांधकामावरची, नुसती माती. शिवणीतून धूळ आली नि वर गेल्यावर रं.च्या डोळ्यात गेली तर? तीन पाणी काढलं. चाळणीत निथळली.
नाक्यावरच्या लच्छूच्या काट्यावर सात किलो, बरोबर. लच्छू म्हणे, "दादी, रेती किसको खिलाओगी?" म्हटलं, तुझ्या तांदळात आहे तेवढी पुरे, ही वेगळी.
उरलेली दीड किलो तेलाच्या डब्यात ठेवली. भांडी घासायला होईल.
तिहेरी शिवण. कोपरे चार वेळा. आता हत्तीने ओढली तरी उसवायची नाही.

१५ फेब्रु., शनि.
रं. परत पुण्याला गेली. पंधरा दिवस तिथेच राहणार. पिशवी तान्ह्या पोरासारखी मांडीवर घेऊन रिक्षात बसली. बाकीच्या तिघांना चेंगरलं. डिंकाचे लाडू दिले. म्हटलं, खा, सात किलो चढव, पिशवी परत आण.
"आजी, तू पण ना."
तिची आई गेली तेव्हा चार वर्षांची होती. तेव्हाही रिक्षात अशीच कडेला बसली होती. लिहायचं काही कारण नाही.

२३ फेब्रु., रवि.
पत्र आलं. बाबूने वाचलं, मग मी परत वाचलं, अक्षर अक्षर लावून. पिशवी सरांनी उचलून बघितली, शिवण बघितली, म्हणाले अशी पाहिजे. वर चिठ्ठी शिवली, ७ किलो. एकटीने उडायचं १ मार्चला, सकाळी, वारा सुटायच्या आत. लाडू मुलींनी संपवले.
दोनदा उठून पाणी प्याले. शिवणीचं कौतुक झालं म्हणून बरंही वाटलं. मेली मी.

२९ फेब्रु., शनि.
सकाळी भांडी घासायला तेलाचा डबा उचलला. हलका. वाटलं कुणी वाळू नेली. ईश्वरीच्या दारात गेले.
"मेरी रेती किसने ली?"
"रेती चुराऊंगी मैं? बिल्डर हूं क्या?"
दोघींचा आवाज नाक्यापर्यंत. मग डब्यात हात घातला. बोटांतून घसरली. त्या दिवशी मुठीत तिचा गोळा होत होता.
तशीच लच्छूच्या काट्यावर नेली. दीडची सव्वा झालेली.
लच्छूने हिशेब करून सांगितलं, सातची सहाच्या खाली गेली असेल. आणि जीन्स काय पाणी अडवणार? धुतलेल्या विजारी रोज दोरीवर वाळताना बघते मी.
कपडा आटतो हे जगाला सांगितलं. वाळू आटते हे मला कोण सांगणार होतं? मातीसकट ठेवली असती, कोरडी, तर बरी होती. चिठ्ठीवर सात आहे. सात लिहिलेलं कोण परत तोलतो?

तोच दिवस, दुपार
एसटीडी बूथवरून पत्रातल्या नंबरावर फोन लावला. पाच वेळा नुसती घंटा. सहाव्यांदा एका माणसाने उचलला. मुली कुठेतरी बाहेर गेल्यात म्हणे, निरोप सांगा.
म्हटलं, पिशवी वाळली.
"काय वाळलं, आजी?" हसला.
सगळं सांगितलं. रंजूची पिशवी. ओली होती तेव्हा तोलली. आता किलोभर कमी आहे. उद्या तोलल्याशिवाय तिला बसवू नका.
"लिहून घेतो."
घेतलं का? कागदावर पेन चाललेलं फोनात ऐकू येत नाही. त्याचं नावही विचारलं नाही. तोंड एवढं चालतं माझं, नेमकं तिथे चाललं नाही. परत लावला, लागतच नाही.
बांधकामावरून दुसरी वाळू आणली, कढईत भाजायला घेतली, फुटाणेवाल्यासारखी. वाफ यायची थांबेपर्यंत. लच्छूकडे सव्वा किलो तोलून छोटी पिशवी शिवली. ईश्वरीने दोरा ओवून दिला. सकाळी चोर म्हटलं होतं तिला.
बाबू आला. पिशवी बघितली, माझ्याकडे बघितलं. ती थैलीत टाकून सकाळच्या गाडीचे पैसे मोजले.

१ मार्च, रवि.
बाबू उजाडायच्या आत गेला, कल्याणहून पहिली गाडी. मैदानावर पोचायला अकरा होतील. आणि तिने लिहिलंय, वारा सुटायच्या आत.
आठ. आमच्याकडे वारा नाही. दोरीवरच्या विजारी लाकडासारख्या उभ्या.
नऊ. मशीनवर बसले. खिसा उलटा लागला. उसवला. परत उलटा.
साडेनऊ. डबा परत काट्यावर ठेवला. लच्छू म्हणे, "दादी, अब क्या तोलना?" आणखी थोडी आटली आहे. तिने निरोप मिळाल्यावर तोलली असेल. निरोप नसेल मिळाला तर चिठ्ठी वाचली असेल. ती माझी शिवण बघून तोलणार नाही. आजीने शिवलीय म्हणेल नि पट्टा आवळेल.
दहा. एक घार आली. कारखान्यांच्या बाजूला, पंख न हलवता. वर जातेय. म्हणजे हवा तापली.
सव्वादहा. बूथवाला गल्लीच्या तोंडाशी येऊन हाका मारतोय. पुण्याचा फोन. बाबू तर अजून गाडीत असेल. ईश्वरी म्हणते, उठो दादी, उठो. चप्पल समोरच आहे. उठतेच, एवढी ओळ पुरी करते नि