डाव्या पट्टीवरचा गोबा

३ नोव्हें., सोम.
पिकप आली. कतारगामच्या वल्लभकाकांची, टोचन करून आणली. बाटलीहिरवा रंग, माझ्यापेक्षा वयाने मोठी. अंगाच्या रंगाला हात लावायचा नाही. फक्त बाहेरचं जोडकाम: पुढची जाळी, दिव्यांच्या रिंगा, दोन्ही बंपर, दारांवरच्या लांब पट्ट्या. सगळं काढायचं, जुना रंग उतरवायचा, परत पहिल्यासारखा साईचा रंग द्यायचा.
सव्वीस वर्षं दुसऱ्याच्या गॅरेजात रंग मारला. हे माझ्या स्वतःच्या शेडमधलं पहिलं मोठं काम. बोर्डसुद्धा लावला नाही अजून. काम बघून लोक येतील.
काका गाडीभोवती दोन चकरा मारून डाव्या दाराशी थांबले. तिथे पट्टी चेपलेली आहे, अंगठा बसेल एवढा गोबा. म्हणाले, "भास्करभाई, बाकी बधुं चमकावजो. आ गोबो रहेवा देजो." बाकी सगळं चमकवायचं, हा गोबा तसाच ठेवायचा; त्यांच्या वारलेल्या मोठ्या भावाची आठवण आहे म्हणे. मी म्हटलं, काका, बिनधास्त जा.

४ नोव्हें., मंगळ.
सगळे भाग काढले. आधी फोनवर फोटो, शेजारी टेप धरून, प्रत्येक भागाचे चार. ही माझी सवय. पोरं हसायची गॅरेजात, हसू देत.
बंपरवर रंगाचे पाच थर निघाले. सर्वात वर ऑइल पेंट, घराच्या दाराला मारतात तो. कुणी मारला असेल त्याला हात जोडले.

६ नोव्हें., गुरु.
पॉलिश पेपरने घासत बसलो तर महिना जाईल. शालक सुनील कडोदऱ्याला डाइंग मिलमध्ये आहे. त्याला सांगून कॉस्टिक सोडा आणवला. मिलमध्ये कापड उकळायला वापरतात तेच. इथे नवागामात हे सगळ्यांना माहीत आहे: गंजका पत्रा असो, खिडकीची जाळी असो, कॉस्टिकच्या पाण्यात बुडवा, रंग सालीसारखा सुटतो, लोखंडाला काही होत नाही.
जाळी आणि रिंगा आज बुडवल्या. दोन तासांत कोऱ्या. नुसता बघत राहिलो. असं काम सुरतेत कोण करतं दाखवा.

७ नोव्हें., शुक्र.
लिहायला नको वाटतंय, पण लिहितो.
सकाळी उजव्या पट्टीला चुंबक लावून बघितलं. चिकटलं. लोखंड. डावीला लावलंच नाही. जोडीची पट्टी, वेगळी कशाला असेल. दोन्ही ड्रममध्ये सोडल्या आणि जेवायला गेलो.
परत आलो तर ड्रम उकळल्यासारखा. फेस बाहेर सांडलेला. चिमट्याने ओढली तर डावी पट्टी अर्धीच हातात आली. ॲल्युमिनियम! उजवी कधीतरी बदलून लोखंडाची बसवलेली असणार, डावी मूळची. ॲल्युमिनियमला कॉस्टिक खातं हे मला काल कुणी विचारलं असतं तर झोपेत सांगितलं असतं. आणि काढताना हाताला हलकी लागली होती. लागली होती!
जिथे गोबा होता तिथे भोक आहे. कडा भाजलेल्या पापडासारख्या.
स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

८ नोव्हें., शनि.
सुनील म्हणतो, दाजी, नवीन पट्टी बनवा, साईचा रंग मारा, आतून काय धातू आहे कोण बघतंय. बरोबर आहे. रंगाखाली सगळं सारखंच. प्रश्न पट्टीचा नाही, गोब्याचा आहे.
काकांचा फोन आला होता. कसं चाललंय विचारलं. मस्त चाललंय म्हणालो. जीभ जराही अडली नाही. त्याचंच वाईट वाटलं.

१० नोव्हें., सोम.
ॲल्युमिनियमचा पत्रा आणला. सागाच्या फळीला पट्टीचा आकार रंध्याने दिला, त्यावर पत्रा ठेवून लाकडी मोगरीने हळूहळू वळवला. पहिली पट्टी वाया. दुसरीला मधे लाट आली. तिसरी सुतात सरळ. सात भोकं दारावरच्या भोकांशी तंतोतंत.
गॅरेजातल्या उस्तादाने ही बघितली असती तर तोंडात बोट घातलं असतं.

१३ नोव्हें., गुरु.
आयुष्यभर गोबे काढले, आज घातला.
फोटो मोठा करून मापं घेतली. लांबी, खोली, वरच्या कडेला असलेली बारीक घडी. आधी रद्दी पत्र्यावर नऊ वेळा सराव. वाळूच्या पिशवीवर पट्टी, गोल तोंडाची हातोडी, एकच ठोका. दुसरा मारला की खोटं दिसतं. दहावा पट्टीवर मारला. बसला!
फोटो शेजारी धरला, घरचीला बोलावलं, ओळख म्हटलं. निर्मलाला फरक कळला नाही. पण खूश झाली नाही. पदराला हात पुसत म्हणाली, "तुम्हीन त्यासले सांगी द्या. त्यासना भाऊना गोबा व्हता तो, तुमना नही."
मी म्हटलं, तुला या कामातलं काय समजतं. ती आत गेली.

१५ नोव्हें., शनि.
प्रायमर, घासणी, रंगाचे तीन हात. हवा कोरडी, एक दाणा बसला नाही. जाळी, रिंगा, बंपर, पट्ट्या, सगळं चढवलं. हिरव्यावर साईचा रंग असा उठून दिसतो की शेजारची लूमवाली माणसं ड्युटीवर जाता जाता थांबतात. एकाने तर फोटो काढला.
माझ्या हातचं आहे ते. हे कुणी माझ्यापासून काढून घेऊ शकत नाही.

१६ नोव्हें., रवि.
काका आले, एकटेच. पुढून बघितलं, मागून बघितलं, वाह वाह म्हणाले. मग डाव्या दाराशी गेले आणि अंगठा गोब्यात ठेवला. तसाच ठेवून बोलत राहिले.
गाडी तेव्हा वडिलांची. काका सोळा वर्षांचे, न विचारता चावी घेऊन निघाले, मोटाभाई, म्हणजे मोठे भाऊ, शेजारी बसलेले. वळणावर विजेच्या खांबाला दार घासलं. घरी आल्यावर वडिलांनी विचारलं कुणी मारली, तर मोटाभाई पुढे झाले, मी मारली म्हणाले. मार त्यांनी खाल्ला. वडील गेले तरी दोघांनी कुणाला सांगितलं नाही. भाऊ गेल्यापासून काका रोज घरच्या गॅरेजमध्ये जाऊन तिथे अंगठा ठेवायचे.
"आज पहेली वार कोईने कीधुं," म्हणाले. आज पहिल्यांदा कुणाला सांगितलं.
आणि मला! कुणाला सांगितलं तर मला.
मी चहा सांगायला म्हणून आत गेलो आणि मोरीत उभा राहिलो. बाहेर आलो तर काका डोळे पुसून हसत होते. बुधवारी ड्रायव्हर पाठवतो म्हणाले. मी हो म्हणालो.

१७ नोव्हें., सोम.
काम काही सुचलं नाही. स्प्रे गन दोनदा धुतली.
निर्मलाला सगळं सांगितलं. वाटलं, बघा मी म्हटलं नव्हतं का, असं म्हणेल. त्याऐवजी कॉस्टिकने खाल्लेली पट्टी भंगाराच्या डब्यातून काढून पुसून आणली आणि वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवली.
बरं. जातो. माझ्या हाताने चूक केली, माझ्या तोंडाने सांगतो. त्यात एवढं घाबरायचं काय.

१८ नोव्हें., मंगळ.
कतारगामला जाऊन आलो. ड्रायव्हर यायच्या आधी.
काकांच्या कारखान्यात वरच्या खोलीत बसलो. खाली घंट्यांवर, म्हणजे फिरत्या चकत्यांवर, हिरे घासत होते, तो आवाज सतत. वर्तमानपत्र उलगडलं आणि एका दमात सांगितलं. कॉस्टिक, चुंबक, फोटो, दहावा ठोका, सगळं. मिलला नावं ठेवली नाहीत, सुनीललाही नाही.
काकांनी पट्टीला हात लावला नाही. एवढंच विचारलं: "रविवारे केम न कीधुं?" रविवारी का नाही सांगितलं.
मी म्हणालो, "काका, तुम्ही अंगठा ठेवलात आणि माझ्याच्याने बोलवेना."
त्यावर मान हलवली. रागावले असते तर सोपं गेलं असतं. मी उठलो तेव्हा म्हणाले, ती पट्टी काढ, तुझा गोबा मला नको. एक सरळ बनव, नुसत्या प्रायमरवर ठेव, आणि मला बोलाव.
बसमध्ये उभ्याने आलो. जागा होती तरी.

२१ नोव्हें., शुक्र.
सरळ पट्टी झाली. ही आधीच्यापेक्षा चांगली झाली, हे खरं ते लिहितो. गोब्यावाली काढून कात्रीने चार तुकडे केले. कापताना हात थोडा जड झाला, पण केले. काकांना फोन केला. रविवारी येतो म्हणाले, पट्टी दाराला लाव, मागून वाळूची पिशवी दे आणि हातोडी काढून ठेव.
तेव्हा कळलं त्यांच्या मनात काय आहे. गोबा मूळचा त्यांनीच पाडलेला, आताही तेच पाडणार.

२३ नोव्हें., रवि.
काका अकराला आले. पांढरे कपडे, देवळात जाताना घालतात तसे. मी पट्टीवर पेन्सिलने जागा दाखवली, हातोडी कशी धरायची ते दाखवलं, एकच ठोका म्हणालो. निर्मला दारात उभी.
त्यांनी हातोडी उचलली. खाली घेतली. परत उचलली. पट्टीच्या जवळ नेली आणि तिथेच धरून उभे राहिले. मला वाटलं आता मारतील.
"तू मार," म्हणाले.
"नाही काका. मी एकदा मारून बसलो. आता नाही."
ते हसले की काय, नीट कळलं नाही. पेन्सिलची खूण अंगठ्याने पुसून टाकली. अजून आठ दिवस गाडी इथेच राहू दे म्हणाले, की पंधरा म्हणाले, नीट ऐकू आलं नाही, मी परत विचारलं नाही. चहा घेतला नाही. रिक्षा थांबवून बसले आणि गेले.
पट्टी दारावर सरळ आहे, राखाडी. रंग मारायचा की थांबायचं ते त्यांनी सांगितलं नाही.
हातोडी सोबत घेऊन गेले.