स्टुलावरची उशी

१२ फेब्रुवारी

प्रिय नणंदबाई,

स. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. कारखान्यात शर्टांचं मोठं काम आलंय, मान वर करायला फुरसत नाही. तीन आठवडे ओटीपोटात दुखतंय, संध्याकाळी कणकणही येते. आमच्याकडे याला ‘मशीनचं पोट’ म्हणतात. दिवसभर पायडल मारणाऱ्या प्रत्येकीला ते होतं आणि उपाय एकच, स्टुलावर उशी. मीही शिवली, चांगली फुलाफुलांची!

आम्हा दोघांच्या एचआयव्हीच्या गोळ्या नेमाने चालू आहेत. डॉक्टरांनी मुलाचा विचार करायला हरकत नाही म्हटल्यापासून तुझा दादा हवेतच आहे. पण दवाखान्यात जा म्हणून लिहू नकोस. अंगात हा विषाणू असताना दुसरं औषध काय लागू पडणार? वर गर्भाशयच काढायला सांगितलं तर? मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू.

माया आहेच, ती तशीच ठेव.

तुझी वहिनी

१७ फेब्रुवारी

ती. वहिनीस,

सा. न. वि. वि.

उशीने ताप उतरल्याचं मी तरी कधी ऐकलं नाही! आमच्या शाळेत मुलींना तपासायला डॉक्टरीणबाई येतात, त्यांना तुझं नाव न सांगता विचारलं. त्या म्हणाल्या, हा गर्भाशयाचा आणि नळ्यांचा संसर्ग असू शकतो. एचआयव्ही असलेल्या बाईला त्यात पू साठण्याचा धोका जास्त, म्हणून लक्ष जास्त ठेवावं लागतं. पण इतर बायकांना जी औषधं देतात तीच तिलाही लागू पडतात. अंगावर काढलं तर मात्र नळ्या खराब होतात, आणि मग मूल होणं अवघड.

वहिनी, हात जोडते, उद्याच जा. नाहीतर मी येऊन तुला उचलून नेईन, आणि माझं वजन बघता ते मला जमेल.

रागावलीस तरी चालेल, पण कळव.

तुझी नणंद

१० मार्च

प्रिय नणंदबाई,

स. न. वि. वि.

गेले बाई! सोनोग्राफीत डाव्या नळीजवळ पू साठलेला निघाला. लगेच दाखल करून शिरेतून औषध दिलं. एचआयव्हीचं मी आधीच सांगून टाकलं. डॉक्टर म्हणाल्या, सांगितलंत ते बरं केलंत. ताप उतरला, ऑपरेशन टळलं. डाव्या नळीचं सांगता येत नाही, पण उजवी चांगली दिसते. आशा सोडायचं कारण नाही म्हणाल्या. त्या रात्री मी पोटभर रडले.

तुझ्या दादालाही औषध घ्यावं लागलं, नाहीतर दुखणं त्यांच्याकडून माझ्याकडे परत यायचं. सुई बघूनच तुझे शूर बंधू बाकावर आडवे झाले. नर्सबाई मला सोडून त्यांनाच पाणी पाजत बसल्या.

या दुखण्याच्या गोळ्या संपल्या, सोमवारपासून कामावर जातेय. बाकी विशेष काही नाही.

अशीच दटावत राहा.

तुझी वहिनी

१५ मार्च

ती. वहिनीस,

सा. न. वि. वि.

बाकी विशेष काही नाही म्हणे! दादाचं पत्र आलंय माझ्याकडे.

चहाच्या सुट्टीत तू उशी टेबलावर ठेवलीस आणि सगळ्यांना सांगितलंस की हे मशीनचं पोट नव्हतं. ताप, दुखणं, पू, सगळं सांगितलंस. आणि जे इतकी वर्षं लपवलं, ते एचआयव्हीचंही. मला तो असूनही मी या दुखण्यातून बरी झाले, मग तुम्ही कशाला घाबरता, असं म्हणालीस. एकीने आपला कप तुझ्याजवळून उचलून दूर नेला. पण दुसऱ्या दिवशी उशीवाल्या दोघी स्वतःहून तुझ्याबरोबर दवाखान्यात आल्या. त्यातली एक तीच, कपवाली!

वहिनी, मी असते तर तोंड उघडलं नसतं. आपल्या घरात तुझ्याइतकं धाडसी कुणी नाही, हे मी आज लिहून देते.

आणखी एक. दादा लिहितो, तू ती उशी उसवलीस आणि फुलांच्या कापडाचं झबलं बेतायला घेतलंस. कुणाचं म्हणून त्याने विचारलं, तर म्हणालीस, असू दे कपाटात.

बटणं लावू नकोस. ती मी आणतेय.

तुझीच,
नणंद