आठव्या डावातलं ते वाक्य

पेल्टन, इंडियाना
८ ऑगस्ट १९८३

ती. लोरेटाताईस व्हर्जिलचा सा. न. वि. वि.

पत्राला महिनाभर उशीर झाला, कान पकडतो. पण कारण ऐकलंस की तूच माफ करशील. आपल्या गावचे हेरन्स बेसबॉलच्या लीगमध्ये दुसऱ्या नंबरावर आहेत! पुन्हा वाच. वरून दुसऱ्या, खालून नव्हे. गावात लोकांना काय करावं ते सुचत नाहीये, जिंकायची सवयच नाही ना कुणाला. परवा दुकानात एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी झालेली, तेवढ्यात रेडिओवर आपल्या पोराने होमरन मारला. मी वस्तरा खाली ठेवून नाचलो आणि ते गृहस्थ फेसासकट नाचले.

मार्जरी म्हणते, एवढं हुरळून जाऊ नका, सप्टेंबरात पुन्हा तोंड पाडून बसाल आणि ते तोंड मला बघावं लागेल. तिचंही खरं आहे गं. ह्या संघाने मला नुसतं छळलंय. चौऱ्याहत्तर साली एक महाभाग बेस सोडून बुटाची नाडी बांधायला वाकला आणि बाद झाला. गेल्या वर्षी तर ओळीने चौदा सामने हरलो. पंधरावा पावसामुळे रद्द झाला तेव्हा लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. तरी मी आपला दर एप्रिलात टोपी झटकून हजर. कशासाठी, विचारू नकोस.

पहिले दोन संघ अंतिम फेरी खेळतात. पोचलो तर एकसष्टनंतर पहिल्यांदाच. माझ्या शेजारची तुझी खुर्ची दरवर्षीसारखी ह्याही वर्षी घेऊन ठेवलीय. तिच्यावर कुणाला बसू देत नाही, कुणाला पॉपकॉर्नसुद्धा ठेवू देत नाही. ह्या वेळी ये ना गं. तू येतेस ती नेमकी डिसेंबरात, मैदानावर गुडघाभर बर्फ असताना. दाजींचा दमा कसा आहे?

लोभ आहेच, हेरन्स हरले तरी तो कमी करू नये.

तुझा
व्हर्जिल

टूसॉन, ॲरिझोना
१४ ऑगस्ट १९८३

चि. व्हर्जिल यास अ. उ. आ.

पत्र पोचलं. त्या गिऱ्हाइकाचा कान शाबूत आहे ना, तेवढं कळव. फ्रँकचा दमा इथल्या कोरड्या हवेत बरा आहे. सकाळी अंगणातल्या निवडुंगाला पाणी घालतात आणि त्याच्याशी माझ्यापेक्षा जास्त बोलतात.

हेरन्सचं वाचून बरं वाटलं. तुझी कात्रणंही मिळतात, पण मी ती लगेच उघडत नाही, चार दिवस टेबलावर पडू देते. माझी एक सवय आहे असं समज.

येण्याचं मात्र ह्या वेळी काही जमेलसं दिसत नाही. माझा गुडघा पुन्हा कुरकुरतोय. शिवाय सप्टेंबरात घराला रंग द्यायचा आहे, आणि मांजरीला एकटं ठेवलं की ती जेवत नाही. तू आपला डोळ्यांत तेल घालून सामना बघ आणि मला मागाहून कळव. मार्जरीला म्हणावं, कोबीच्या गुंडाळ्यांची आठवण येते.

तुम्हा दोघांना आशीर्वाद, त्यातला थोडा तुमच्या त्या पिचरच्या खांद्याला लाव.

तुझी
ताई

पेल्टन
२३ ऑगस्ट १९८३

ती. ताईस सा. न. वि. वि.

पोचलो गं पोचलो! आता उरलेले सगळे सामने हरलो तरी हेरन्स अंतिम फेरीत. सात सप्टेंबरपासून, पाचपैकी तीन जिंकायचे. पाचव्यापर्यंत ताणलं तर तो अकराला, रविवारी दुपारी, आपल्याच मैदानावर. इथे बेकरीवालीने पावांना सुद्धा हेरन्सच्या टोपीवरच्या बगळ्याची मान काढलीय. चावायला फार कडक आहे, पण सगळे खातात.

आता तुझ्या सबबी घेतो. गुडघ्याला मार्जरीने उशी शिवलीय. रंग भिंतीवर आपोआप वाळतो, तुला तिथे उभं राहून फुंकर घालायची नाही. मांजरीला दाजी आहेत, निवडुंगातून सवड काढतील.

चेष्टा पुरे. काल जेवताना मार्जरी म्हणाली की बावीस वर्षांत ताई एकदाही मैदानावर आल्या नाहीत, हे तुमच्या लक्षात तरी आलंय का? माझा घास हातातच राहिला. मी आपला समजत होतो, नाताळ म्हणून तू डिसेंबरात येतेस. लहानपणी शाळा बुडवून मला सामन्याला नेणारी तू. कुंपणाच्या फळीतलं भोक मला दाखवलंस तू. आणि तीच तू कात्रणं चार-चार दिवस उघडत नाहीस? माझं काही चुकलंय का? ओटो, तो हॉट डॉगवाला, ह्या मोसमानंतर गाडी बंद करतोय. तोही दर सामन्याला विचारतो, लोरेटा कुठे असते म्हणून.

रागावली असशील तर रागावून लिही, पण खरं लिही. उत्तराची वाट बघणारा,

व्हर्जिल

टूसॉन
२७ ऑगस्ट १९८३

चि. व्हर्जिलला आशीर्वाद.

खरं लिही म्हणालास, तर लिहिते. हसायचं नाही.

एकसष्टचा शेवटचा सामना तुला आठवत नसेल असं होणारच नाही. आपला तो उंच डावखुरा पिचर, हार्वी टॅलमन, नऊपैकी आठवा डाव टाकत होता. आपण एक-शून्यने पुढे, आणि समोरच्यांना त्याने तोवर एकही हिट मारू दिली नव्हती. सगळ्या मैदानाला माहीत होतं आणि सगळं मैदान तोंडाला कुलूप लावून बसलं होतं. अशा वेळी ते बोलायचं नसतं, बोललं की दृष्ट लागते, हे पाळण्यातलं पोरसुद्धा जाणतं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं की व्हर्जिल, अजून एकही हिट नाही रे! आपल्या रांगेतले सगळे वळले. एका बाईने छातीवर क्रूस काढला. पुढच्याच चेंडूला हिट. मग त्या सोप्या झेलावर माशी शिंकली, आणि मग तो होमरन. तीन-एक. हातातोंडाशी आलेला चषक गेला, आणि तू सगळ्यांदेखत ओरडलास की ही पनवती आहे, हिला परत आणणार नाही.

मी हसले होते. तू विसरलास, लोकही विसरले. मी नाही विसरले. वेडेपणा आहे, मला कळतं. फ्रँक तर म्हणतात की साठीची बाई आणि काय हे खूळ. पण हेरन्स हरले की दर वेळी मनात येतं, आज आपण त्यांचा विचार तर केला नाही ना? म्हणून कात्रणं शिळी करून वाचते, जुन्या निकालाला माझी नजर लागत नाही. इथे वसंतात मोठमोठे संघ सरावाला येतात, शेजारी तिकिटं घेऊन दारात उभे राहतात, आणि मी त्यांना सांगते की मला बेसबॉल आवडत नाही! मी! सांगताना जीव तुटतो रे.

तुझं आयुष्य ह्या संघापायी चाललंय. इतक्या वर्षांनी दार उघडतंय, तिथे मी येऊन उभी राहणार नाही. माझी खुर्ची मार्जरीला दे. माझ्यावरची माया तेवढी कुणाला देऊ नकोस.

तुझी
ताई

पेल्टन
३१ ऑगस्ट १९८३

ताई,

नमस्काराला तोंड नाही, म्हणून आज तो वगळतो. तुझं पत्र दुकानात उघडलं आणि दुकान बंद करून घरी आलो. मार्जरीने वाचलं आणि माझ्याशी बोलायची थांबली. तिच्याआधी तुलाच सांगतो, कारण हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

त्या दिवशी सातव्या डावात मी हॉट डॉग आणायला खाली गेलो होतो, आठवतं? रांगेत माझा नंबर आला. आनंद पोटात मावत नव्हता. ओटो पावाला मोहरी लावत होता, आणि मी त्याच्या कानाशी वाकून म्हणालो की ओटो, अजून एकही हिट नाही. त्याच्या हातातली मोहरीची बाटली खाली पडली. मी हॉट डॉग न घेताच पळालो. तू विचारलंस, तर संपले म्हणून सांगितलं.

म्हणजे तुझ्याआधी मी बोललो होतो, ताई. मग आठव्या डावात तू बोललीस, हिट गेली, आणि देवाशपथ, मला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर सुटलो! आता कुणी मला विचारणार नाही. ओटो जिना चढून येईल आणि माझं नाव घेईल ह्या भीतीने मी सगळ्यांच्या आधी ओरडलो. जेवढ्या जोरात ओरडलो तेवढा मी घाबरलेला होतो. मला वाटलं तू हसलीस, विषय मिटला. तू ते टूसॉनला बांधून नेलंस हे मला ठाऊक असतं तर चालत आलो असतो तिथे.

मी छत्तीस वर्षांचा घोडा होतो, पोर नव्हतो. मला माफी नको, तू ये. हेरन्स जिंकोत, हरोत, खड्ड्यात जावोत, तुझ्याशिवाय मी तो सामना बघणार नाही. दोन्ही खुर्च्या रिकाम्या राहतील.

तुझा अपराधी भाऊ
व्हर्जिल

टूसॉन
४ सप्टेंबर १९८३

व्हर्जिल,

आशीर्वाद आज शिल्लक नाहीत.

बावीस वर्षं! बावीस वर्षं मी मांजरीच्या नावाने सबबी सांगितल्या, आणि तू तिकडे मोहरीच्या बाटलीचं गुपित पोटात घेऊन माझी खुर्ची राखत बसला होतास! आणि हॉट डॉग संपले म्हणे. मला त्या दिवशी केवढी भूक लागली होती. तुझं पत्र मी फ्रँकना वाचून दाखवलं. ते इतके हसले की दम्याचा पंप शोधावा लागला. मग मी रडले आणि मग मीही हसले, पण ते तुला कळवायचं नव्हतं.

आता हिशेबाचं बोलते. तू बोललास सातव्या डावात आणि हिट गेली आठव्यात. म्हणजे तुझं वाक्य पोचायलाच एक डाव लागला. लहानपणापासून तुझं सगळंच उशिरा. दात उशिरा, लग्न उशिरा, कबुली तर विचारूच नकोस.

बसचं तिकीट काढलंय. शुक्रवारी नऊ तारखेला दुपारी पोचते. घ्यायला ये, आणि रिकाम्या हाताने येऊ नकोस. दोन हॉट डॉग, मोहरी जास्त. मार्जरीला म्हणावं, अबोला मी येईपर्यंत टिकव, मग दोघी मिळून धरू.

अजून राग आहे, पण लोभापेक्षा एक डाव कमीच.

ताई

टूसॉन
२० सप्टेंबर १९८३

चि. व्हर्जिल यास अ. उ. आ., साठलेलेसुद्धा.

सुखरूप पोचले. बसमध्ये दोन दिवस शेजारच्या बाईंना तुमच्या मॅनेजरबद्दल सांगत आले. त्या बिचाऱ्या एका थांब्यावर उतरून मागच्या सीटवर जाऊन बसल्या.

अरे, आंधळ्याला दिसत होतं की पिचर दमलाय! पाचव्या सामन्याचा नववा डाव, आपण चार-दोनने पुढे, त्या पोराचा हात खांद्याच्या वर जात नव्हता. पहिल्याला चार वाइड चेंडू टाकून फुकट सोडला, दुसऱ्याला सोडला. आणि पिचर बदलणं ज्यांच्या हातात, ते हे साहेब टोपी मागे सारून उभे! ताजा पिचर केव्हाचा खांदा गरम करून कुंपणाशी ताटकळतोय, त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत. मी खुर्चीवर चढले, ती गुडघ्याची उशी हातात घेऊन ओरडले, तेही ऐकलं नाही. मग तिसऱ्याची हिट, चौथ्याची हिट, पाच-चार. हातचा चषक त्या माणसाने नेऊन दिला. फ्रँक म्हणतात, झालं गेलं सोड. कसं सोडू? मी चार पानी पत्र लिहून संघाच्या कार्यालयाला टाकलंय. तूही टाक, गावातल्या सगळ्यांना टाकायला लाव.

एक गोष्ट तिथे बोलले नाही, ती लिहिते. शेवटचा माणूस बाद झाला आणि सगळं मैदान चिडीचूप झालं, तेव्हा मला एकसष्टचा सामना आठवला. मी हळूच तुझ्याकडे बघितलं. मागच्या रांगेतलेही माझ्याकडेच बघतायत असं वाटलं. तू टोपी काढलीस, जमिनीवर आपटलीस, आणि म्हणालास की हा मॅनेजर गाढव आहे. मागची सगळी रांग म्हणाली, गाढव आहे. ओटो खालून ओरडला, महागाढव आहे.

तेव्हा मी रडले. तुला वाटलं हेरन्ससाठी, आणि तू आपला रुमाल दिलास. हेरन्ससाठी नव्हतं ते, वेड्या. बावीस वर्षांनी माझा संघ हरला होता आणि त्यात माझा काहीही हात नव्हता.

एप्रिलच्या पहिल्या सामन्याची तारीख लागली की कळव, मी येतेय. तोवर त्या मॅनेजरला काढलं नाही, तर आल्याबरोबर आधी त्याच्याकडे जाऊ.

तुझी
ताई