मार्नीचं सामान आणि पिकअपचे प्लग

११ ऑगस्ट, सोमवार
पिकअप चढावर खोकते. निदान केलं: स्पार्क प्लग गेले. शनिवारी मार्नीला सामानासकट लिंकन शहरातल्या कॉलेजात पोचवायचंय. बायको, वाँडा, म्हणाली, गॅरेजात टाक. म्हटलं, शर्टाचं बटण लावायला कोणी शिंपी शोधतं का? मार्नीच्या सख्ख्या बापाने, रँडलने, "मी नेतो" म्हणून फोन केला होता. कळवलं, गरज नाही. लहानपणापासून तिला शाळेत मी सोडलं, कॉलेजातही मीच सोडणार.

१२ ऑगस्ट
प्लग बदलायचा व्हिडिओ पाहिला. अर्धा. माणूस फार रटाळ बोलतो. वाँडाला सगळं समजावलं. ती मक्याची कणसं सोलत होती, पण ऐकत असावी.

१३ ऑगस्ट, दुपार
माहितीपुस्तकात म्हणे, इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच प्लग काढा. भित्र्यांसाठी छापलेलं असतं. पिकअपनेच जाऊन नवे प्लग घेऊन आलो तो थेट कामाला लागलो. पहिला लोण्यासारखा निघाला. वाँडाला बोलावून दाखवला. म्हणाली, "छान. बाकीचे?"

संध्याकाळ
कोपऱ्यातला एक हट्टी निघाला. पान्याला पाइप जोडून जोर लावला. कट्ट! वरचा अर्धा हातात, खालचा इंजिनात. हल्ली मालच हलका येतो.

१४ ऑगस्ट
अडकलेला तुकडा स्क्रूड्रायव्हरने उचकटून पाहिला. आता स्क्रूड्रायव्हरचं टोकही आत. मार्नी म्हणाली, "लाइल, बाबाला फोन करू का?" आवाजात ताण होता. कॉलेजचा असणार. माझं मनगट सुजलंय. वाँडाने बर्फ आणून दिला.

१५ ऑगस्ट
आज विश्रांती. इंजिनालाही लागते. वाँडाने मला न विचारता रँडलला बोलावलं. जेवणापर्यंत तिच्याशी अबोला धरला. तिच्या लक्षात आलं नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार
रँडल त्याची गाडी घेऊन आला. सामानाला दोरी कशी बांधायची ते सांगितलं. "हो हो" म्हणत त्याने त्याच्याच पद्धतीने बांधली. वाँडा पुढे बसली. मार्नी म्हणाली, "तूपण चल ना, लाइल. मागे माझ्याशेजारी जागा आहे." म्हटलं, हातातलं काम टाकून कसा येऊ? तिने पट्टा लावला. "बस मग तुझ्या पिकअपपाशी," म्हणाली आणि काच वर केली.

गाडी वळेपर्यंत हात हलवत होतो. मग पाहिलं, हातात पाना होता. तिला वाटलं असेल, मी कामातच आहे.

वाटू दे.