उमरदऱ्याची खोली

४ मे, सोमवार
पोचले एकदाची. वसमतहून औंढ्यापर्यंत एसटी, पुढे जीप, आणि शेवटचे तीन किलोमीटर पायी, डोक्यावर ओढणी आणि खांद्यावर बॅग. वसमतला सपाटीवर, हळदीच्या वासात वाढलेली मी. घरापासून दोन तासांवर एवढे डोंगर आहेत, सागाचं एवढं रान आहे, हे सव्वीस वर्षांत पाहिलंच नव्हतं.

काम सोपं आहे. या डोंगरांतले नऊ तलाव बघायचे आणि प्रत्येकाची खोली, गाळ, गुरं कुठली पितात, मासे कोण धरतं, ते लिहून न्यायचं. पंधरा दिवस. राहायला तांड्यावर वसराम राठोड यांच्या घरातली पुढची खोली मिळाली. वसरामकाका साठीचे, काटक, मासे धरणारे. त्यांची बायको जिवनबाई. घरात दोघंच. संध्याकाळी गरम भाकरी, वांग्याची भाजी, वर कच्चा कांदा. आईला फोन करून सांगितलं, इथे मजेत आहे.

७ मे, गुरुवार
चार तलाव झाले. काकांकडे थर्माकोलचा तराफा आहे, पोत्यात शिवलेला. त्यावर मांडी घालून ते हातांनीच वल्हवत मधोमध जातात. दोरीला लोखंडी वजन, हाताहातावर गाठ. दोरी सोडत ते गाठी मोठ्याने मोजतात आणि मी काठावरून लिहिते. पळसाच्या सावलीत बसून, समोर बगळे, असलं काम मला जन्मभर मिळालं तरी चालेल.

काका प्रत्येक तलावाशी ओळखीच्या माणसासारखं वागतात. इथे मरळ मिळतो, तिथे नुसता गाळ, पलीकडचा तलाव संक्रांतीलाच आटतो. चाळीस वर्षं पाणीच पाहून राहिलो, म्हणाले. मला मॅडम म्हणायचे, आज दुपारपासून बाई म्हणतात.

१० मे, रविवार
आठ झाले. नववा उमरदरा, तांड्याच्या मागच्या खिंडीत. काका म्हणाले, तो राहू द्या. काहून ते सांगेनात. मागच्या वर्षाचा आकडा टाका म्हणाले, बाहेर निघून गेले.

मग जिवनबाईंनी सांगितलं. भिंतीवरचा फोटो त्यांच्या लेकीचा, संगिताचा. चार वर्षांपूर्वी ती उमरदऱ्यावर वाकळा धुवायला गेली आणि पाय घसरून पाण्यात पडली. मी म्हटलं, बुडाली का? त्यांनी मान हलवली. नाही, आपली आपण वर आली, घरी आली.

"पण आली ती माझी लेक न्हवती, बाई."

केस कधी वाळले नाहीत म्हणे. उन्हात बसवलं तरी पाणी गळायचं. रांजणच्या रांजण पिऊन टाकायची. आईला याडी म्हणायची ते विसरली, परक्यासारखी बघायची. महिन्याने एका सकाळी उठून चालती झाली. कुणी शोधायला गेलं नाही. जनावरंसुद्धा आता तिकडे जात नाहीत.

दुःखाने माणूस काय काय मनाशी धरतं. मी त्यांचा हात हातात घेऊन बसले.

१२ मे, मंगळवार
सकाळी ऑफिसातून साहेबांचा फोन आला. नऊच्या नऊ हवेत, नाहीतर अहवाल घेणार नाही.

काकांना म्हटलं, मी एकटी जाते.  त्यांनी तराफा उचलला. "लेकरू एकटं कसं जाऊ देऊ?" मला माहीत होतं ते येतील. म्हणून तर तसं म्हटलं. हे इथे लिहून ठेवते.

उमरदरा लहानच आहे. मेमध्येही काठोकाठ. एक पक्षी नाही. काका मधोमध गेले, गाठी मोजू लागले. सात, आठ, नऊ. सगळी दोरी संपली तरी तळ लागेना. ते वाकले. तराफा कलंडला आणि ते खाली गेले, आवाजसुद्धा झाला नाही.

मी ओरडत राहिले. मला पोहता येत नाही. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग ते माझ्याजवळच, काठाला वर आले. खोकले नाहीत, धापा नाहीत. हसले आणि म्हणाले, "बराबर हाय, लिवा." आकडा सांगितलाच नाही.



१३ मे, बुधवार
बेचाळीसच्या उन्हात काकांचं धोतर अजून ओलं आहे. बदललं, नवंही ओलं झालं.

जिवनबाईंनी काल त्यांना दारात पाहिलं आणि उंबऱ्यावरच बसल्या. रडल्या नाहीत. आज त्यांनी भाकरी वाढली तेव्हा काका त्यांना म्हणाले, तुमी कोन?

दुपारपर्यंत रांजण रिकामा.

१५ मे, शुक्रवार
मी म्हटलं, औंढ्याला डॉक्टरकडे नेऊ, डोक्याला मार बसला असेल. जिवनबाई म्हणाल्या, न्हाई. संगिताच्या वेळी पण त्यांना पहिल्या दिवशीच कळलं होतं. तरी महिनाभर तिला जेवू घातलं, वेणी घातली. रिकाम्या घरापरीस बरं, असं वाटलं म्हणे.

माझ्यावर त्यांचा राग नाही. असता तर बरं झालं असतं.

मग म्हणाल्या, हा इथं असंल तर माझा माणूस तिथंच हाय. पोरगीबी तिथंच. वाट पाहत असतील. कोरडं धोतर, चार भाकऱ्या फडक्यात बांधल्या आणि भर दुपारी खिंडीकडे गेल्या. मी अर्ध्या वाटेपर्यंत मागे गेले. पुढे पाय निघाला नाही.

१६ मे, शनिवार
जिवनबाई परत आल्या. हातात फडकं नाही. लुगड्यातून पाणी गळतंय, अंगणात चिखल झालाय.

माझ्याकडे बघून हसल्या. बराबर हाय, म्हणाल्या.

आता दोघं शेजारी शेजारी बसलेत. बोलत नाहीत. माझ्याकडे बघतात.

शेजारच्या घरांची दारं बंद. हाक मारली, कुणी ओ दिली नाही.

१७ मे, सकाळ
बॅग भरली. ते दोघं उठले नाहीत, नुसतं बघत राहिले. जीपच्या रस्त्याने निघाले आहे. बांधावर टेकून चार ओळी लिहिते. उमरदऱ्याच्या सांडव्याकडून आवाज येतोय. काकांचा. सात, आठ, नऊ. पुन्हा सात —

घरात बसलेत ते, मी आत्ताच पाहिलं त्यांना. मग हे कोण मोजतंय?

मीच नेलं होतं त्यांना. मीच.

१७ मे, दुपार
उमरदरा. पाण्यात हात दिसला. काठापासून फूटभर. खरंच हात होता, बोटांत दोरी. मी वाकले. चिखल —

वर आले. वाचले. वही पोटाशी धरलेली, कोरडी आहे. कपडेही कोरडे. लगेच कोरडे झाले. ओल्या माणसांसारखं काही नाही. मी वाचले.

थोड्या वेळाने
काठावरच्या उंबराच्या झाडाखाली बसलेत. काका, जिवनबाई, आणि फोटोतली मुलगी. तिघंही कोरडे. जिवनबाईंनी फडकं सोडलंय, भाकरी मोडून तिघांत वाटतायत. मला इतका आनंद झाला. धावत गेले, म्हटलं, चला, घरी चला.

काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "आमी रोज जातोत, बाई. कंच्याबी वाटेनं गेलं तरी हितंच येतोत."

संगिता म्हणाली, चार वर्षं झाली. भाकरी कधी संपत नाही आणि पोट कधी भरत नाही.

मी गेले. तीनदा. खिंड ओलांडली की समोर पुन्हा हेच पाणी.

नंतर
पलीकडच्या बांधावर कुणीतरी चाललंय. माझा पंजाबी ड्रेस, माझी ओढणी. पाणी गळतंय. खांद्यावर माझी बॅग. जीपच्या रस्त्याला लागली. तिला वाट सापडते.

हाका मारल्या. वळली नाही. फोन कानाला लावलाय. ओठ हलताना दिसतायत. "आई" असं म्हणतेय —

दोन तासांवर घर आहे. आई दार उघडेल. केस एवढे ओले कशाने म्हणेल, टॉवेल घेऊन पुढे येईल, जवळ घेईल. कुणीतरी आईला सांगा, की ती —