टेकूंचं माप

४ मार्च

गेली. आणि कुणाकडे गेली — तर चष्मिसकडे! नदीपलीकडे पंखांचा कारखाना काढलाय त्याने. काचेच्या भिंती, आत शिलाई मशिनपेक्षा संगणक जास्त. येत्या हँग ग्लायडिंगच्या स्पर्धेत भिंगरी त्याचा पंख उडवणार म्हणे. माझी लेक! जिला मी टेकडीवरून धावत सुटायला शिकवलं, पाय जमिनीवरून सुटले की ओरडायचं नाही हे शिकवलं, ती.

"बाबा, मला थोडं वेगळं काही उडवून बघायचंय." एवढंच. वेगळं म्हणजे काय? हवा तीच, टेकडी तीच, पडायची जमीनही तीच.

जेवलो नाही. बायको म्हणाली, "अन्नावर कशाला राग काढता?" अन्नावर नाही, म्हटलं. मग कुणावर ते विचारलं नाही तिने. तिला ठाऊक होतं.

६ मार्च

दिवसभर माझ्या कारखान्यात एकटाच. शिवणाऱ्या बाई सुट्टीवर. नवा पंख मध्ये पसरून ठेवला आणि नुसता बघत बसलो.

काय वाईट आहे याच्यात? जुन्या पंखांवर मधोमध खांब असायचा, त्याला तारा. वारा त्या तारांत अडकायचा. मी तो खांबच काढून टाकला. आतला आडवा दांडा कार्बनचा केला, सगळा भार त्याच्यावर घेतला. वरून बघाल तर नुसतं गुळगुळीत कापड, पक्ष्याच्या पाठीसारखं. उडताना हाताशी असलेली दोरी ओढली की पंख रुंदावतो, कापड ताणून सपाट होतं, मग हा जो सुटतो! वळायला जरा जड होतो, ते कबूल. पण सरळ रेषेत याच्या पुढे कोण जाईल ते दाखवा मला.

आणि टेकू. दोन्ही टोकांशी कापडाच्या आत लपलेल्या आखूड नळ्या. खाली लटकलेल्या माणसाने हातातली दांडी पोटाकडे ओढून सूर मारला की टोकाकडचं कापड खाली बसायला बघतं. टेकू त्याला बसू देत नाहीत, म्हणून नाक आपसूक वर येतं, दांडी हातांना उलटी ढकलते. टेकू फार खाली ठेवले तर वेग वाढतो, पण मग एखादे दिवशी दांडी ढकलायचं विसरते आणि पंख कोलांटी मारतो. त्यातून फारसं कुणी वाचत नाही. म्हणून टेकूंचं माप मी दुसऱ्या कुणाला घेऊ देत नाही. दोरी सैल सोडून, टोकापासून टोकापर्यंत दोरा बांधून, स्वतः. ताणलेलं ठेवलं की कापडाचा जीव जातो. कापड जपणारा माणूस आहे मी.

मागच्या वर्षी भिंगरी म्हणाली होती, "टेकू थोडे वर घ्या ना बाबा." मी म्हटलं, घाबरट व्हायला लागलीस. माप चोख होतं!

११ मार्च

दातांच्या डॉक्टरचा फोन. त्याने बनवायला सांगितलेला पंख नको म्हणे. कंबर धरते. कंबर! गेल्या महिन्यात हाच माणूस इथे माझ्यासमोर कापडाचे रंग निवडत होता. तेव्हा कंबर कुठे होती?

१५ मार्च

आज बँकवाला. त्याच्या बायकोला त्याचं उडणं आवडत नाही म्हणे. लग्नाला एवढी वर्षं झाली, आज आवडेनासं झालं! वर स्वतःचा जुना पंखही कारखान्यात आणून टाकला. म्हणाला, "तुमच्याकडेच राहू दे." चहा विचारला तर घाई होती त्याला. डोळ्याला डोळा भिडवत नव्हता.

कळतं मला. भिंगरी तिकडे गेली म्हणजे सगळी वरात तिकडे. नुसती गेली असती तर ठीक. जाताना माझी गिऱ्हाइकं झाडून नेतेय. हे मी विसरणार नाही.

१६ मार्च

शिवणाऱ्या बाईंना काम नाही. जुन्या पिशव्यांचे बंद उसवून पुन्हा शिवत बसल्या.

२२ मार्च

टेकडीवर गेलो होतो. नव्हतं जायचं, पण पाय वळले. भिंगरी चष्मिसच्या पंखाखाली तयार उभी होती, दोरी ओढून बघत होती. मी मागून वाकून कापडाच्या फटीतून पाहिलं. टेकू माझ्यापेक्षा खाली! साध्या डोळ्यांना दिसत होतं.

बाजूला घेऊन सांगितलं तिला. पोरी, यात मरशील. तर म्हणाली, "बाबा, तुम्ही काय उडवायला देत होतात ते बघा आधी." असं बोलली! मी काय देत होतो? माझा जीव ओतून केलेली वस्तू देत होतो.

चष्मिस मध्ये पडला. "काका, वर्कशॉपला या ना एकदा. आकडे दाखवतो." हसत होता. म्हटलं, तुझ्या आकड्यांनी तुझा चष्मा पुस. लोक बघायला लागले. एकजण म्हणाला, पोटात दुखतंय म्हाताऱ्याच्या.

ती उडाली. उतरेपर्यंत मी खालच्या रस्त्यावर उभा होतो. गाडीत बसून राहिलो असतो तरी चाललं असतं, पण बसवेना.

२३ मार्च

दुखतंय पोटात. हो, दुखतंय. पण टेकू खाली आहेत हेही खरं आहे.

३० मार्च

मी नसताना भिंगरी घरी येऊन जाते. बेसिनजवळ तिचा केसांचा चाप सापडला. बायकोला म्हटलं, माझ्या पाठीमागे काय शिजतंय? तर म्हणाली, "आईला भेटायला येते. तुमचं काय जातं?" माझं काय जातं! सगळं माझंच गेलंय की.

मग जरा वेळाने म्हणाली, "तिच्यावर एवढं तोंडसुख घेऊ नका हो. तुम्हाला काही माहीत नसतं." मला माहीत नसतं? टेकूंबद्दल माझ्याहून जास्त माहीत असलेला माणूस दाखव, म्हटलं. ती भांडी घासायला निघून गेली. उगाच जोरजोरात घासत होती.

२ एप्रिल

उडणाऱ्यांच्या संघटनेकडे तक्रार केली. चष्मिसचा पंख धोक्याचा आहे, स्पर्धेआधी गाडीवर बांधून तपासा. लोक म्हणतील सूड उगवतोय. म्हणू देत. एकदा तिच्या हाडांचा चुरा झाल्यावर माझं बरोबर होतं म्हणून कुणी हार घातला तरी काय करू त्याचं?

९ एप्रिल

उत्तर आलं. तपासणार! फक्त एक अट — "आपलाही पंख घेऊन यावे." आनंदाने येतो. दोन्ही शेजारी शेजारी तपासा. दूध का दूध होऊ दे. आज दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. बायको मात्र पोळी वाढून लगेच ओट्याकडे वळली. म्हटलं, अगं, आता तरी खूश हो. लेक वाचेल तुझी.

१६ एप्रिल

लिहायचं नव्हतं. पण झोप नाही.

जुनी धावपट्टी. गाडीच्या टपावर पोलादी सांगाडा, त्यावर पंख बांधतात आणि गाडी पळवतात. पंख नाक वर उचलायला बघतो की खाली टाकायला, ते काटा सांगतो: मधल्या रेषेच्या वर राहिला तर उचलतो, खाली गेला तर टाकतो. खोटं बोलत नाही, बोलू शकत नाही.

आधी चष्मिसचा. दोरी सैल — पास. दोरी पुरी ओढलेली — पास. काटा ठाम. माझं तोंड कडू झालं.

मग माझा. दोरी सैल, पास. बघा! म्हटलं. मग तपासनीसाने दोरी शेवटपर्यंत ओढून बांधली आणि गाडी सोडली. वेग वाढला तसा काटा सरकत सरकत मधल्या रेषेवर आला. आणि खाली गेला. पुन्हा पळवली. पुन्हा खाली.

तपासनीस बरा माणूस आहे, हळू बोलला. "दोरी ओढली की तुमचा आतला दांडा मागे सरकतो आणि टेकू त्याच्याबरोबर खाली बसतात. तुम्ही माप सैल दोरीला घेता ना? त्यांचे टेकू पाहिलेत ते दोरी ओढलेली असताना. दोन वेगळी मापं शेजारी ठेवलीत तुम्ही."

एवढी दोरी ओढतं कोण, म्हटलं. "स्पर्धेत सगळेच ओढतात," म्हणाला.

चष्मिस हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, एक ठेवून दिली असती. भिंगरी गाडीच्या पलीकडे पाठ करून उभी होती. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. परक्या माणसासारखा पंख गुंडाळला आणि निघालो. कुणी हात लावायला आलं तर झटकून टाकला.

१७ एप्रिल

नाही पटत. गाडीवर बांधलेला पंख तो पंखच नव्हे. खिळलेल्या वस्तूला काय कळतं हवेतलं? वर माणूस लटकलेला असतो, तो तोलतो, पंख त्याला जाणतो. आयुष्यभर कापड हाताळलंय मी. एक काटा मला शिकवणार?

उद्या सकाळी मीच घेऊन जातो वर. उंची गाठायची, दोरी पुरी ओढायची आणि दांडी पोटाकडे घ्यायची. बघू, ढकलते की नाही. खुब्याचं दुखणं आहे, पण धावायचं ते चार पावलंच. बायकोला काही बोललो नाही. पंख गाडीवर चढवताना मात्र ती खिडकीत उभी होती.

१८ एप्रिल

नाही उडालो.

वर पोचलो तर भिंगरी आधीच येऊन बसलेली, बरोबर जिथून धावायचं तिथे. बाजूला हो, म्हटलं. उठली नाही. म्हणाली, "मागच्या वर्षी दोरी पुरी ओढून सूर मारला आणि दांडी हातात एकदम हलकी पडली, बाबा. कशी सावरले ते माझं मला माहीत. टेकू वर घ्या म्हटलं तर घाबरट म्हणालात. खरं सांगितलं असतं, तर त्याच दिवशी स्वतः उडून बघायला इथे येऊन उभे राहिला असतात. आत्ता राहिलात तसे."

दातांचा डॉक्टर, बँकवाला, सगळ्यांना तिनेच गाठून सांगितलं होतं, हा पंख उडवू नका म्हणून. तिच्या आईलाही. मला सोडून सगळ्यांना.